पाच पट्ट्या कमी

भगवंतराव ढोबळ्यांनी की-बोर्ड घेतला तो संगीताच्या ओढीनं घेतला, असं कुणी म्हटलं तर खुद्द त्यांच्या बायकोलाही हसू आवरत नाही. तो घेतला साडूच्या नाकावर टिच्चून. माणूस साडूपायी काय काय करतो याचा खरं तर कुणीतरी सविस्तर अभ्यास करायला हवा, पण अभ्यास करणाऱ्यांनाही साडू असतातच, त्यामुळे ते काम मागे पडत असावं.

झालं असं की डिंगोऱ्याचे सासरे गेणभाऊ एक्याऐंशीत पदार्पण करत होते आणि त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा घाट घातला होता. पाच लेकी, पाच जावई, सगळे बैठकीला जमलेले. धाकटा जावई सावळेराम मांडीवर थाप मारून म्हणाला, "करमणुकीचं माझ्याकडं लागलं. नारायणगावहून आर्केस्ट्राच उचलून आणतो!" सगळ्यांनी माना डोलावल्या. आता थोरल्या जावयानं काय नुसती भजी खात बसायचं? भगवंतराव पारगावच्या साखर कारखान्यात हेडक्लार्क. हाताखाली चार माणसं, आणि ती चारही त्यांना टरकून. ते भजं खाली ठेवून म्हणाले, "आर्केस्ट्रा कशाला? आपली अश्विनी गाईल. आणि पेटीवर मी बसेन."

हे वाक्य त्यांच्या तोंडून कसं निघालं हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही.

पण गेणभाऊंचे डोळे भरून आले. "लेक गाणार आन जावई वाजवणार! बास राव. मग मला दुसरं काय बी नको. लगीन झाल्यापास्नं पोरीचा आवाज न्हाई ऐकला मी."

परतीच्या एसटीत ओतूर येईपर्यंत अश्विनीबाईंनी तिकिटाची घडी घालून घालून ती सुपारीएवढी केली. मग म्हणाल्या, "तुमी पेटीला कवा हात तरी लावलाय का?"

"अजून नाही."

"आता माघार न्हाई. आबांनी ऐकलंय. माझ्या माहेरात मला तोंडघशी पाडलंत ना, तर बघा." आणि मग खिडकीकडे तोंड करून, जरा हळूच, "मला लई गायचंय हो आबांसमोर."

या शेवटच्या वाक्यानं भगवंतराव खलास झाले. आधीच्या धमकीला ते भ्याले नसते. वीस वर्षांत त्या बाईनं स्वतःसाठी काही मागितल्याचं त्यांना आठवेना.

जुन्नरच्या पेठेत जावेदचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान होतं. जावेदनं मिक्सर आणि इस्त्र्यांच्या मधून एक लांबलचक खोकं ओढून काढलं. "साहेब, पेटीचा जमाना गेला. भाता मारायची कटकट नाय. ह्याच्यात ढोलकी हाय, कुत्र्याचा आवाज बी हाय." कुत्र्याच्या आवाजाची सहस्रचंद्रदर्शनाला काय गरज पडणार, असं भगवंतरावांनी विचारलं नाही. खोक्यात एक जाड इंग्रजी पुस्तक होतं, आणि ते पाहून त्यांना धीर आला. जी गोष्ट छापून आली आहे ती हेडक्लार्काला येणार नाही असं होतच नाही.

त्याच आठवड्यात ते बायकोला घेऊन मंचरला एका शाळेतल्या संगीताच्या सरांकडे गेले. अश्विनीबाईंनी पदर सावरून दोन ओळी म्हटल्या. सर पेटीवर चाचपून म्हणाले, "वा! वहिनींचा गळा चढा आहे. पट्टी डी फ्लॅट. तुमच्या पुस्तकात डी फ्लॅटचं सप्तक दिलेलं असेल, त्यात हे गाणं बरोबर बसतं. सूर लिहून देतो. कळलं ना?"

"हो हो! डी फ्लॅट. त्यात काय आहे!" भगवंतराव म्हणाले.

इथंच त्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. एकदा 'त्यात काय आहे' म्हटल्यावर पुन्हा जाऊन 'म्हणजे काय आहे' असं विचारता येत नाही. निदान हेडक्लार्काला तरी येत नाही.

घरी येऊन त्यांनी पद्धतशीर काम सुरू केलं. पुस्तकातली सगळ्या सुरांची नावं छोट्या चिठ्ठ्यांवर लिहिली, मागे डिंक लावला आणि मधल्या सप्तकाच्या एकेका पट्टीवर एकेक चिठ्ठी डकवायला घेतली. सी, सी शार्प, डी, डी शार्प... काम झकास चाललं होतं. शेवटची पट्टी संपली आणि बघतात तर तळहातावर पाच चिठ्ठ्या शिल्लक. डी फ्लॅट, ई फ्लॅट, जी फ्लॅट, ए फ्लॅट, बी फ्लॅट. त्यांनी पुन्हा मोजलं. नावं सतरा, पट्ट्या बारा. चष्मा पुसून मोजलं. बायकोकडून मोजून घेतलं. पट्ट्या बाराच.

आता दुसरा एखादा असता तर त्याच्या मनात शंका आली असती की आपलं काही चुकतंय का. पण भगवंतरावांची नोकरीच अशी की मालाची नावं सतरा आणि माल बारा दिसला, की पाच नग कुणी खाल्ले हाच प्रश्न आधी पडायचा. शिवाय गेले ते पाच नेमके हवे होते तेच! डी फ्लॅटच्या सप्तकात सात सूर, त्यातले एफ आणि सी तेवढे हजर, बाकी पाचही गैरहजर. सात जणांच्या ऑफिसात दोघंच आलेत आणि काम मात्र सगळं व्हायचंय, असा तो प्रकार होता.

बातमी कॉलनीत पसरायला चहा उकळण्याइतका वेळ लागला. शेजारच्या लंकाबाई पदराला हात पुसत आल्या. की-बोर्डाकडे बघून म्हणाल्या, "पाच कमी म्हंजी हे ल्हान पोरांचं हाय भाऊजी. मोठ्या मान्सांचं येगळं मिळत असंल." कारखान्याच्या स्टोअरमधले शौकतभाई म्हणाले, "नाय नाय. एक्सपोर्टच्या मालाला पुऱ्या पट्ट्या देतात. आपल्या देशाला देताना गाळतात. टायरमधी बी तसंच करतात." टायरमध्ये नक्की काय गाळतात हे त्यांनी सांगितलं नाही, पण ते स्टोअरमध्ये असल्यानं सगळ्यांना पटलं. टीव्ही दुरुस्त करणारा सुदर्शन तर पेचकस घेऊनच आला होता. "आत दबल्या असत्याल," म्हणत त्यानं मागचं झाकण उघडलं, आत टॉर्च मारला, बराच वेळ 'च्च च्च' केलं आणि झाकण लावलं. नंतर एक स्क्रू उरला. तो त्यानं 'ह्यो एक्स्ट्रा व्हता' म्हणून खिशात टाकला.

"सोडू नका साहेब," शौकतभाई निघताना म्हणाले, "ग्राहक मंचात खेचा!"

भगवंतरावांनी जावेदला खेचला. जावेदनं बिचाऱ्यानं दुकानातल्या सगळ्या की-बोर्डांची खोकी फोडून पट्ट्या मोजल्या. सगळीकडे बारा-बाराच. "साहेब, आख्ख्या लॉटमधीच कमी हायेत!" तो कपाळाला हात लावून म्हणाला. "आजवर कुणाच्या ध्यानात आलं नाय बघा. तुमची नजर लई तेज." आजवर कुणाच्या ध्यानात आलं नाही, या वाक्यावर कुठल्याही शहाण्या माणसानं थांबून विचार केला असता. भगवंतरावांची छाती मात्र फुगली.

जावेदच्याच दुकानातून कंपनीला फोन लावला. कुठली कंपनी होती कुणास ठाऊक, खोक्यावरचं नाव निम्मं फाटलं होतं. पलीकडून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, किती कीज मिसिंग आहेत?"

"पाच."

"कलर?"

"काळ्याच असाव्यात."

"वॉरंटीत आहे सर. तुटलेल्या कीज आम्हाला परत पाठवा, नव्या पाठवून देऊ."

"अहो, तुटल्या नाहीत. आल्याच नाहीत!"

"मग हरवल्या?"

"आल्या नाहीत तर हरवतील कशा?"

"मग तसं लेखी द्या सर. साक्षीदारांच्या सह्यांसकट."

लेखी म्हटल्यावर भगवंतराव खुलले. त्यांनी रीतसर पंचनामाच केला. 'आम्ही खाली सह्या करणारे पंच लिहून देतो की, सदर वाद्याची समक्ष पाहणी केली असता त्यात पाच पट्ट्या दिसून आल्या नाहीत. सदर पट्ट्या न दिसण्याची जागाही दिसून आली नाही.' शौकतभाईंनी सही केली, सुदर्शननं केली, लंकाबाईंनी अंगठ्याऐवजी सही येते म्हणून मोठ्या झोकात केली. पंचनामा इतका सुंदर झाला की तो पाठवायला भगवंतरावांच्या जिवावर आलं.

आणि कंपनीनं पट्ट्या पाठवल्या! छोट्या खोक्यात, कापसात गुंडाळलेल्या, काळ्याभोर पाच पट्ट्या. कॉलनीत पेढे वाटायचेच बाकी राहिले. भगवंतरावांनी त्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि येईल जाईल त्याला दाखवल्या. सत्याचा विजय होतो, फक्त पाठपुरावा लागतो, असं ते ज्याला त्याला सांगत सुटले.

आता बसवायच्या कुठं? सुदर्शननं डोळे बारीक करून बघितलं आणि टिचकी वाजवली. "हे बघा! ह्या पांढऱ्या पट्ट्यांत काही ठिकाणी मधी काळी हाय, काही ठिकाणी न्हाई. ई आन एफच्या मधी मोकळं. बी आन सीच्या मधी मोकळं. ह्याच त्या जागा!" सगळे पुढं वाकले. पंचनाम्यात न दिसलेली जागा अखेर दिसली होती. सुदर्शननं पाचही पट्ट्या तसल्या फटींवर झटपट चिकटणाऱ्या डिंकानं ठोकून बसवल्या आणि वर एक वीट ठेवून सकाळपर्यंत हात लावू नका म्हणाला.

सकाळी भगवंतरावांनी आंघोळ करून, उदबत्ती लावून, नवी पट्टी दाबली. ई आणि एफ दोन्ही एकदम केकाटले. दुसरी दाबली. बी आणि सी गळ्यात गळे घालून ओरडले. जुनी, चांगली चाललेली एफची पट्टी दाबली, तर ती ईला बरोबर घेऊन खाली गेली आणि दोघी वर यायचं नाव घेईनात. बाहेरून लंकाबाईंचा आवाज आला, "भाऊजी, त्यो कुत्र्याचा आवाज बंद करा की!"

कुत्र्याचा आवाज नव्हता तो, त्यांचा अपमान होता. पण सांगणार कुणाला? कार्यक्रम परवावर आलेला. अश्विनीबाई स्वयंपाकघरात भाकरी थापताना गाणं घोळवत होत्या, आणि त्यांचा आवाज इतका आनंदी होता की भगवंतरावांनी की-बोर्डावर घाईघाईनं चादर ओढली. "तयारी कशी हाय?" त्यांनी आतून विचारलं. "जोरात!" भगवंतराव म्हणाले. एवढं खरं की सरांनी लिहून दिलेले सूर त्यांना मुखोद्गत होते. दाढी करताना, सायकल मारताना, डबा खाताना ते 'डी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ, एफ' असं पुटपुटत असत. ऑफिसातल्या चौघांना वाटलं, साहेब कसला तरी जप करतात. फक्त ते वाजवायला पट्ट्या नव्हत्या, एवढीच काय ती अडचण.

शेवटी त्यांनी ठरवलं की ऐनवेळी लाइट गेली तर बरं. २००३ साली अशी आशा धरणं काही फार मोठी चैन नव्हती. की-बोर्ड चादरीत गुंडाळून, मांडीवर आडवा धरून ते एसटीत बसले आणि सबंध वाटेनं विजेच्या तारांकडे बघत राहिले.

डिंगोऱ्यात मांडव दणदणीत सजला होता. लाइट ठणठणीत होती. गाडीतून उतरताच चारी बाजूंनी एकच गलका झाला. "भागू आली! ए भागे!" अश्विनीबाई धावत सुटल्या. माहेरी त्या भागू. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव काढायचं असतं, तेव्हा भगवंतरावांनी 'अश्विनी' काढलं होतं, आणि त्या दिवसापासून पारगावात त्यांना भागू म्हणून कुणी हाक मारली नव्हती. पाचही बहिणींचं तसंच. इथली हौसा तिकडं जाऊन शीतल झाली होती. इथली ठकू तिकडं संगीता झाली होती. यात नवल वाटण्यासारखं कुणालाच काही नव्हतं, आणि भगवंतरावांना तर त्या क्षणी फक्त मीटरबोर्डाचं नवल होतं.

गेणभाऊ नवा फेटा बांधून पाटावर बसले. लेकींनी ओवाळायचं, मग भागूचं गाणं, असं ठरलेलं. सासूबाई सरूबाईंनी मांडववाल्याला तबकं मांडायला बोलावलं. तो ओतूरचा, घरातलं कुणी त्याच्या ओळखीचं नाही, पण शिस्तीचा. त्यानं प्रत्येक तबकाला नावाची चिठ्ठी लावली होती. ओवाळण्यासाठी एकेक लेक पुढं झाली, ओवाळून मागं सरली. पाचही झाल्या. गेणभाऊ उठायला लागले, तर मांडववाला आडवा आला.

"बसा बाबा! अजून पाच जणी ऱ्हायल्यात."

बघतात तर चौरंगावर आणखी पाच तबकं. निरांजनं तेवतायत, हळदी-कुंकू आहे, सुपाऱ्या आहेत, बाया नाहीत.

"कोण ऱ्हायल्या?" गेणभाऊ घाबरून म्हणाले. एक्याऐंशीव्या वर्षी माणसाला आपल्या लेकींचा आकडा दुप्पट झालेला कळला तर घाबरणारच. मांडवात कुजबुज सुरू झाली. एका म्हाताऱ्यानं गेणभाऊंकडे जरा वेगळ्याच नजरेनं पाहिलं.

मांडववाला चिठ्ठ्या वाचू लागला. "अश्विनी. शीतल. संगीता... कुठं गेल्या ह्या? निरांजनातलं तेल संपाया लागलं! आजींनी मला पाच नावं सांगितली, भागू, हौसा अशी. आन ह्या पावण्यांनी सांगितली ही पाच." त्यानं सावळेरामकडे बोट दाखवलं. सावळेरामनं जावयांच्या बायकांची तबकं सांगितली होती आणि सरूबाईंनी आपल्या लेकींची. सावळेराम आर्केस्ट्राचा विषय असल्यासारखा खाकरला.

सरूबाई कपाळावर हात मारून हसायला लागल्या. "आरं माझ्या बाबा! माहेराकडनं बगितलं तर भागू, सासराकडनं बगितलं तर अश्विनी. बाई येकच हाय!" आणि त्यांनी 'अश्विनी'ची चिठ्ठी ओढून काढली आणि भागूच्या तबकाला, पहिल्या चिठ्ठीशेजारी, थुंकी लावून डकवली.

भगवंतराव ताडकन उभे राहिले.

पाच चिठ्ठ्या शिल्लक. माणसं नाहीत. सीच्या घरून निघालं की सी शार्प. डीच्या घरून परत फिरलं की डी फ्लॅट.

"पट्टी एकच आहे!" ते किंचाळले. "एकच आहे! एकही कमी नाही! कंपनीनं काही खाल्लं नाही!"

सावळेराम शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "उन्हाचं झालं असंल." पण भगवंतरावांनी माइक ओढला आणि जमलेल्या पाव्हण्यांना समजावून सांगायला घेतलं की, काळी पट्टी ही सुनेसारखी असते, डावीकडच्या पांढरीची ती लेक आणि उजवीकडच्या पांढरीची ती सून, फक्त... इथं अश्विनीबाईंनी त्यांच्या दंडाला जोरात चिमटा घेतला. "वाजवा की आधी!"

त्या वाजवा म्हणाल्या आणि भगवंतरावांना खाडकन आठवलं. त्या चिकटवलेल्या पाच पट्ट्या! त्यांनी चादर सोडली, आचाऱ्याच्या हातातली सांडशी हिसकावली आणि भर मांडवात, फेटेवाल्या पाहुण्यांसमोर, एकेक काळी पट्टी उपटायला सुरुवात केली. चार निघाल्या, कटाकट. पाचवीही निघाली. फक्त सुदर्शनचा डिंक जातिवंत निघाला होता. मधल्या सप्तकातल्या दोन चिकटवलेल्या काळ्यांबरोबर एक एफ आणि एक सी मुळासकट हातात आल्या. पूर्वी गैरहजर पाच होते आणि हजर दोन. आता पाच हजर झाले आणि ते दोनच गेले.

"दुसऱ्या सप्तकात वाजवा की," कुणीतरी शहाणा म्हणाला. वाजवलं असतं. पण चिठ्ठ्या या एकाच सप्तकाला होत्या, आणि चिठ्ठीविना भगवंतरावांना सगळ्या पट्ट्या सारख्याच.

अश्विनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही. एसटीच्या खिडकीत बसल्या होत्या तशाच डोळ्यांनी पाहिलं. भगवंतरावांनी घाम पुसला, बोट डी फ्लॅटवर, म्हणजे सी शार्पवर, म्हणजे काय हवं ते म्हणा, त्या काळ्या पट्टीवर ठेवलं आणि दाबलं. सूर लागला. स्वच्छ.

भागू गाऊ लागली.

गळा वीस वर्षांत गंजला नव्हता. पहिली ओळ अर्ध्यावर आली आणि एफ आला. बोट गेलं ते नुसत्या भोकात. आणि भगवंतराव, जे आयुष्यात आरतीतही टाळ्याच वाजवत आले, त्यांनी तोंड उघडलं आणि तो सूर स्वतःच गायले. "आऽऽ!" फाटका, बोजड, पण बरोबर जागी. पुढं सी आला. "आऽऽ!" पुन्हा तेच. सावळेराम फिस्सकन हसला, मग सगळा मांडव हसला, अश्विनीबाईही हसल्या, पण गाणं थांबलं नाही. दुसऱ्या कडव्यापर्यंत लोकांना ते 'आऽऽ' कुठं येणार हे पाठ झालं आणि सगळा मांडवच त्या जागी 'आऽऽ' करू लागला. मांडववालासुद्धा. तिसऱ्या कडव्याला गेणभाऊ फेट्याच्या शेवानं डोळे पुसत होते आणि मधेच 'आऽऽ' करत होते.

गाणं संपल्यावर म्हातारा लटपटत उठला आणि त्यानं जावयाचे दोन्ही हात धरले.

"पेटी वाजवणारं लई बगितलं म्या," गेणभाऊ म्हणाले. "पर पेटीत सूर न्हाई म्हून सोता सूर हून हुबा ऱ्हायलेला जावई पैल्यांदा बगितला, राव."

भगवंतराव वाकून सासऱ्यांच्या पाया पडले.

परतीच्या एसटीत गर्दी कमी होती. अश्विनीबाई खिडकीशी बसल्या होत्या, आणि गाणं अजून ओठांवर घोळत होतं. भगवंतरावांच्या मांडीवर की-बोर्ड होता, खिशात एफ आणि सी.

"उद्याच जुन्नरला जातो," ते म्हणाले. "ह्या दोन पट्ट्या पक्क्या बसवून घेतो. पुढच्या वेळी तुला असं अडखळत गायला नको, भागू."

भागू म्हणून त्यांनी तिला वीस वर्षांत पहिल्यांदाच हाक मारली होती. बाईंनी वळून पाहिलं, मग त्यांच्या खिशात हात घालून दोन्ही पट्ट्या काढल्या, आपल्या पर्समध्ये टाकल्या आणि चेन ओढली.

"काय नको बसवाया," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या पेटी तशीच."